नैरोबीतली अनाथ पिल्लं: केनियाच्या सफारीत प्राणी बचाव केंद्राला भेट कशी द्यावी

केनियाला जाणारी बहुतेक मराठी कुटुंबं नैरोबीत एक रात्र काढतात आणि सकाळी उठून मसाई माराच्या रस्त्याला लागतात. परतीच्या दिवशीही विमान सुटेपर्यंत काही तास मोकळे असतात आणि ते मॉलमध्ये किंवा हॉटेलच्या लॉबीत बसून जातात. याच शहराच्या हद्दीत, नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, आई गमावलेल्या हत्तीच्या पिल्लांना वाढवून परत जंगलात पाठवण्याचं काम रोज चालतं आणि आपल्याला ते बघता येतं. माझं स्पष्ट मत आहे की सफारीतल्या एका गेम ड्राइव्हवर (गाडीतून प्राणी बघण्याच्या फेरीवर) पाणी सोडावं लागलं तरी चालेल, पण हा अर्धा दिवस सोडू नये. मात्र त्याची आखणी घरून निघण्याआधीच करावी लागते. ऐनवेळी गाडी वळवून जाण्यासारखी ही जागा नाही.

आधी जागा पारखून घ्या

आफ्रिकेत ‘रेस्क्यू’, ‘ऑर्फनेज’, ‘सँक्चुअरी’ अशा पाट्या पुष्कळ दिसतात. त्यातल्या सगळ्याच खऱ्या नसतात. सर्वात मोठा धोका आहे तो सिंहाच्या छाव्यांचा. दक्षिण आफ्रिकेत अनेक खाजगी ठिकाणी पर्यटकांना छावे मांडीवर घेऊ देतात, बाटलीने दूध पाजू देतात, वर हे छावे अनाथ असल्याचंही सांगतात. प्रत्यक्षात त्यातल्या बऱ्याच छाव्यांची पैदास तिथेच केलेली असते. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत त्यांना आईपासून काढलं जातं, म्हणजे आई लवकर पुन्हा गाभण राहते. छावा मोठा झाला की मांडीवर घेण्याच्या कामाचा उरत नाही. मग तो कुंपणातल्या शिकारीसाठी विकला जातो किंवा त्याच्या हाडांचा व्यापार होतो. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नेमलेल्या समितीने ही पैदास थांबवण्याची शिफारस केली आणि २०२१ मध्ये सरकारने ती दिशा मान्य केली. तरीही अशी ठिकाणं लगेच बंद पडत नाहीत आणि सहल कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांची नावं येत राहतात.

म्हणून कुठल्याही केंद्राचे पैसे भरण्याआधी टूर ऑपरेटरला थेट विचारा. प्राणी येतात कुठून? बरे झाल्यावर जातात कुठे? तिथे पैदास होते का? प्राण्याला हात लावता येतो का, त्याच्यासोबत चालता येतं का? यातल्या शेवटच्या प्रश्नाला ‘हो, त्याचं वेगळं तिकीट आहे’ असं उत्तर आलं, तर ते ठिकाण यादीतून काढून टाका. वर्षाचे बाराही महिने लहान छावे ‘उपलब्ध’ असतील तर तेही संशयाचं लक्षण आहे, कारण अपघाताने अनाथ झालेली पिल्लं कुणाच्या वेळापत्रकानुसार येत नाहीत. चांगलं केंद्र तुम्हाला प्राण्यापासून लांब ठेवतं, भेटीची वेळ कमी ठेवतं आणि किती प्राणी परत रानात गेले हे अभिमानाने सांगतं.

प्राणी अनाथालय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हेमलकसा येतं. डॉ. प्रकाश आमटे यांच्या अंगाखांद्यावर खेळणाऱ्या बिबट्यांचे फोटो बघत आपल्यातले कित्येक जण मोठे झाले. पण त्यांनी ती जनावरं पिल्लूपणापासून स्वतः सांभाळली होती, त्या नात्यामागे वर्षानुवर्षांचा सहवास होता. आपण तासाभरासाठी आलेले पाहुणे असतो, त्यामुळे ती जवळीक मागण्याचा अधिकार आपल्याला नाही. मुलांना हे निघण्याआधीच समजावून सांगा, म्हणजे तिथे हिरमोड होणार नाही.

नैरोबीत काय बघावं

अर्धाच दिवस असेल तर शेल्ड्रिक वाइल्डलाइफ ट्रस्टची हत्तींची नर्सरी बघा, इतर सगळं त्यानंतर. डेव्हिड शेल्ड्रिक हे त्सावो ईस्ट राष्ट्रीय उद्यानाचे पहिले वॉर्डन. १९७७ मध्ये ते गेले आणि त्यांच्या स्मरणार्थ पत्नी डॅफ्नी यांनी ही संस्था उभी केली. २०१८ मध्ये डॅफ्नीही गेल्या. आजवर इथे ३०० हून अधिक अनाथ हत्ती वाढवले गेले आहेत.

लँगाटा रोडवर राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य दरवाजाशी केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिस या सरकारी वन्यजीव खात्याचं प्राणी अनाथालय आहे. देशभरातून आणलेले जखमी किंवा पोरके झालेले सिंह, चित्ते, बिबटे, माकडं, पक्षी तिथे असतात. शेल्ड्रिकपेक्षा ही जागा वेगळी आहे. इथे पिंजरे आहेत आणि काही प्राणी आयुष्यभर तिथेच राहणार आहेत. माणसाच्या हातावर वाढलेला सिंह मोकळा सोडला तर तो वस्तीकडे येण्याची भीती असते, पाय अधू झालेला चित्ता शिकार करू शकत नाही. मुक्त सिंह बघून आल्यावर हे पिंजरे काहींना बघवत नाहीत, आणि ते साहजिक आहे. तरीही प्रत्येक पिंजऱ्यावरची पाटी वाचत, तिथल्या कर्मचाऱ्याला त्या प्राण्याची हकीकत विचारत फिरलात तर ही भेट वाया जात नाही.

तिसरं ठिकाण म्हणजे जिराफ सेंटर. काटेकोर अर्थाने हे बचाव केंद्र नाही. जॉक आणि बेट्टी लेस्ली-मेलव्हिल या दांपत्याने १९७९ मध्ये रॉथशिल्ड नावाच्या प्रकारचे जिराफ वाचवण्यासाठी ही संस्था काढली. पश्चिम केनियातलं या जिराफांचं रान शेतीसाठी तुकड्यांत वाटलं जात होतं आणि तिथे जेमतेम सव्वाशे-दीडशे जिराफ उरले होते. डेझी नावाचं पिल्लू त्यांनी घरी आणून वाढवलं, तिथून पुढे इथे वाढलेले जिराफ वेगवेगळ्या उद्यानांत सोडले गेले. इथे उंच लाकडी मचाणावरून हाताने खाद्य देता येतं. लहान मुलांना ही जागा फार आवडते. एवढंच सांभाळा, जिराफाचं डोकं जड असतं आणि तो ते झटक्यात फिरवतो. त्याच्या मानेच्या बाजूला उभं राहू नका आणि तोंडात खाद्य धरून फोटो काढण्याच्या फंदात पडू नका.

बुकिंग आणि कागदपत्रं

शेल्ड्रिक नर्सरी लोकांसाठी रोज एकच तास उघडी असते, सकाळी ११ ते १२. २५ डिसेंबरला बंद. जागा मोजक्या असतात आणि संस्थेच्या संकेतस्थळावर आधी नोंदणी केल्याशिवाय प्रवेश मिळत नाही. विमानाची तिकिटं हातात आली की दुसरं काम हेच करा. जुलै ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे मसाई मारातल्या वाइल्डबीस्टच्या स्थलांतराच्या हंगामात, आणि नाताळच्या सुट्टीत तारखा झपाट्याने भरतात. टूर कंपनीने ‘आम्ही बघतो’ म्हटलं तरी नोंदणीचा ईमेल स्वतःकडे मागून घ्या. उद्यानाचं प्रवेशशुल्क वेगळं भरायचं आहे का, हेही त्याच वेळी विचारून ठेवा. वाइल्डलाइफ सर्व्हिसच्या जागांवर रोख पैसे घेत नाहीत, शुल्क सरकारी ऑनलाइन व्यवस्थेतूनच भरावं लागतं. परदेशी पाहुण्यांचे दर डॉलरमध्ये असतात आणि बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात एकदा बघून घ्या. भारतीय कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून ठेवायला विसरू नका.

जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा बंद करून त्याजागी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना आणला आहे. लहान मुलांसकट प्रत्येकासाठी तो वेगळा काढावा लागतो.

पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) लशीकडे आपले लोक सर्वात जास्त दुर्लक्ष करतात. केनियाहून भारतात परतताना ही लस घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली असावी लागते. प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. मुंबई-पुण्यात अशी केंद्रं आहेत, पण ठरावीक दिवशीच लस देतात, त्यामुळे महिनाभर आधी चौकशी करा. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलणं आवश्यक आहे. एकदा घेतलेली लस आणि तिचं प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं.

पिशवीचंही बघा. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर कडक बंदी आहे, आणि जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत. आपण चिवडा, लाडू, थेपले पातळ पिशव्यांत बांधून नेतो. त्याऐवजी डबे आणि कापडी पिशव्या घ्या, पाण्यासाठी स्टीलची बाटली घ्या.

सफारीच्या आधी की नंतर?

लहान मुलं सोबत असतील तर आधी. नावानिशी ओळख झालेली पिल्लं बघून मुलं जंगलात गेली की हत्तींच्या कळपातलं पिल्लू आधी शोधतात, आई कुठे आहे ते विचारतात. मोठ्यांसाठी मात्र मी शेवटचा दिवस सुचवेन. आधी त्सावो किंवा अंबोसेली राष्ट्रीय उद्यानात पूर्ण कळप बघावा. वाटेवर म्होरकी हत्तीण कशी थांबते, मावश्या पिल्लाला मध्ये घेऊन कशा चालतात, हे डोळ्यांत साठवावं. मग नर्सरीत खाकी टोप्या घातलेली माणसं त्या सगळ्या मावश्यांची जागा भरून काढताना दिसतात आणि त्या कामाचा आवाका कळतो.

शहरातल्या वाहतुकीचा भरवसा नाही. मध्यवर्ती हॉटेलातून साडेनऊच्या सुमारास निघा. नर्सरी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत असली तरी तिचा दरवाजा मगाडी रोडच्या बाजूला आहे, लँगाटा रोडवरचा मुख्य दरवाजा नव्हे. हे ड्रायव्हरला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, कारण चुकीच्या दरवाजावरून वळसा घालेपर्यंत अकरा वाजून जातात आणि तास एकच असतो. नर्सरी आटोपली की कॅरेन भागात जेवून दुपारी जिराफ सेंटर किंवा प्राणी अनाथालय, यातलं एकच करा. दोन्ही कोंबलंत तर दोन्हीकडे घाई होईल. परतीचं विमान त्याच रात्री असेल तर विमानतळाच्या रस्त्याला हातात भरपूर वेळ ठेवा.

कपड्यांचं म्हणाल तर नैरोबी साधारण १७०० मीटर उंचीवर आहे. जून ते ऑगस्टच्या सकाळी चांगलाच गारठा असतो, जाकीट हवंच. आपली मे महिन्याची सुट्टी तिकडच्या मोठ्या पावसाच्या शेवटाला येते आणि दिवाळीच्या आसपास छोटा पाऊस असतो. लाल मातीचा चिखल उडतो, डाग निघत नाहीत, म्हणून पांढरे बूट हॉटेलातच ठेवा.

त्या एका तासात

दोरखंडाने आखलेल्या मोकळ्या जागेभोवती पाहुणे उभे राहतात. अकराच्या सुमारास झुडपांतून पिल्लांची पहिली तुकडी येते, सर्वात लहानांची. ती चालत नाहीत, दुधाच्या बाटल्यांकडे अक्षरशः धावत सुटतात. मोठाल्या बाटल्या काही क्षणांत रिकाम्या होतात, मग चिखलात लोळणं, एकमेकांवर चढणं, फांद्या चघळणं सुरू होतं. त्या वेळात एक राखणदार एकेका पिल्लाचं नाव सांगतो, ते कुठे आणि कसं सापडलं ते सांगतो. कुणाची आई हस्तिदंतासाठी मारली गेलेली असते, कुणी विहिरीत पडलेलं असतं, कुणी दुष्काळात कळपामागे राहिलेलं असतं. थोड्या वेळाने मोठ्या पिल्लांची तुकडी येते. पुढे उभं राहण्यासाठी ढकलाढकली करू नका. पिल्लं गोल फिरत राहतात, सगळ्यांना दिसतात.

हे समोर बघताना त्यामागचं थोडं ठाऊक असलं तर प्रत्येक गोष्टीला अर्थ येतो. दोन वर्षांखालचं हत्तीचं पिल्लू दुधाशिवाय जगत नाही आणि गाईच्या दुधातली चरबी त्याला पचत नाही. पूर्वी अशी तान्ही पिल्लं हमखास मरत. डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं प्रयोग केले. १९७४ मध्ये आयशा नावाच्या पिल्लाला त्यांनी खोबरेल तेल घातलेलं दूध देऊन पाहिलं आणि ते पचलं. नारळाच्या तेलातली चरबी हत्तिणीच्या दुधातल्या चरबीच्या सर्वात जवळची निघाली. आयशा वाढू लागली. मग मुलीच्या लग्नासाठी डॅफ्नी थोड्या दिवसांसाठी तिच्यापासून दूर गेल्या. आयशाने खाणंपिणं सोडलं आणि ती मेली. दूध पचत होतं, पण तिची आई पुन्हा हरवली होती.

आज नर्सरीत जे दिसतं त्यातलं बरंच काही त्या मृत्यूतून शिकलेलं आहे. लहान पिल्लांना दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध लागतं आणि राखणदार रात्री त्यांच्याच गोठ्यात झोपतात. पण रोज वेगळा माणूस वेगळ्या पिल्लासोबत झोपतो. एकाच माणसाचा लळा लागला आणि तो आजारी पडला किंवा रजेवर गेला, तर पिल्लू पुन्हा पोरकं होईल. पिल्लांच्या पाठीवर घोंगडी दिसली तर ती शोभेसाठी नसते, आईच्या अंगाची ऊब भरून काढण्यासाठी ती घातलेली असते. अगदी तान्ह्यांच्या कानांना उन्हाचं मलम लावतात, कारण रानात ती आईच्या पोटाखालच्या सावलीत चालली असती.

साधारण तीन वर्षांची झाली की पिल्लं त्सावो परिसरातल्या वोई, इथुम्बा किंवा उमानी स्प्रिंग्ज इथे हलवली जातात. दिवसा ती रानात फिरतात, रानटी कळपांना भेटतात, रात्री आवारात परततात. कधी परत यायचं आणि कधी कायमचं जायचं, हे हत्तीच ठरवतो. त्याला बरीच वर्षं लागू शकतात. पूर्वी इथे वाढलेल्या हत्तिणी आता रानात स्वतःची पिल्लं घेऊन फिरतात आणि कधीकधी ती पिल्लं घेऊन जुन्या राखणदारांना भेटायला येतात.

तुम्ही काय पाळायचं? आवाज कमी ठेवा. फ्लॅश बंद. पिल्लू दोरापाशी आलं तरी हात पुढे करू नका, राखणदाराचं ऐका. सोबत खायचं काही नेऊ नका, सोंडेला वास लगेच कळतो. सगळा तास मोबाइलच्या पडद्यातून बघू नका, निम्मा वेळ तरी मोबाइल खिशात ठेवा. सर्दी-खोकला असेल तर भेटच टाळा, निदान मास्क लावून मागे उभे राहा.

वेळ जास्त असेल तर ओल पेजेटा

नैरोबीच्या उत्तरेला, विषुववृत्तावरच्या नान्युकीजवळ, ओल पेजेटा अभयारण्यात स्वीटवॉटर्स चिंपांझी अभयाश्रम आहे. गाडीने चारेक तास लागतात, म्हणून मुक्काम करूनच जा. केनियात चिंपांझी मुळात नव्हतेच. १९९३ मध्ये बुरुंडीत यादवी पेटली तेव्हा तिथल्या बुजुंबुरा शहरातले, चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांच्या संस्थेचे अनाथ चिंपांझी इथे हलवण्यात आले आणि त्यातून हा आश्रम उभा राहिला. एवासो न्यिरो नदीच्या दोन काठांवर त्यांचे दोन गट राहतात. पोको नावाच्या चिंपांझीला पूर्वी नऊ वर्षं इतक्या अरुंद पिंजऱ्यात ठेवलं होतं की त्याला ताठ उभंच राहावं लागे. आश्रमात आल्यावरही तो माणसासारखा दोन पायांवर चालायचा.

हे चिंपांझी केनियाच्या रानात सोडता येणार नाहीत. त्यांना आयुष्यभराचा आसरा देणं हेच इथलं काम आहे, आणि म्हणून इथे त्यांची पैदास होऊ देत नाहीत. भेटीच्या वेळा सकाळी आणि दुपारी ठरावीक असतात, मुक्कामाच्या जागी विचारून घ्या. माणसाची साधी सर्दी चिंपांझीच्या जिवावर बेतू शकते, तेव्हा इथे अंतर राखण्याचा नियम आणखी काटेकोरपणे पाळा. याच अभयारण्यात नाजिन आणि फातू या जगातल्या शेवटच्या दोन उत्तरी पांढऱ्या गेंडिणी पहाऱ्यात राहतात. त्यांच्या जातीचा शेवटचा नर, सुदान, मार्च २०१८ मध्ये इथेच गेला.

मदत आणि खरेदी

शेल्ड्रिकमध्ये ठरावीक वार्षिक रक्कम भरून एखाद्या पिल्लाचं पालकत्व घेता येतं. हे घरूनच, भेटीच्या आधी करा. राखणदार रोजची नोंदवही लिहितात आणि संस्था ती प्रसिद्ध करते. महिनाभर ती वाचून गेलात तर त्या गर्दीत आपलं पिल्लू कोणतं, ते कुणाशी भांडतं, कुणाच्या मागे असतं, हे आधीच ठाऊक असतं. मुलांच्या वाढदिवसाला देण्यासाठी याहून चांगली भेट मला माहीत नाही.

आणि बाजारात ‘हत्तीच्या केसाचं’ म्हणून विकलं जाणारं कडं, हाडाचे किंवा दाताचे मणी, कातडं, शिंपले, यातलं काहीही घेऊ नका. रस्त्यात सापडलेलं पीस किंवा साळिंदराचा काटासुद्धा मुलांना उचलू देऊ नका. केनियाचा २०१३ चा वन्यजीव कायदा अशा वस्तू बाळगण्याबद्दल फार कडक आहे, आणि त्या भारतात आणणंही कायद्याने अडचणीचं ठरतं. विमानतळावर जाण्याआधी मुलांचे खिसे आणि बॅगेचे कप्पे एकदा तपासून घ्या.